कुत्र्याला बोलावून मारू नये

केजच्या बाजारात मला माझ्या नावानं हाक मारणारी माणसं आता चार-दोनच उरली असतील. बाकीचं गाव मला कुत्रेमास्तर म्हणतं. सुरुवातीला बायकोला याचा फार राग यायचा. "पोरीचं लग्न जमवायचंय, पाहुण्यांना काय सांगायचं?" असं ती म्हणायची. पाहुणे आले. नवरदेवाच्या वडिलांनी चहाची बशी खाली ठेवायच्या आत विचारलं, "आमचं कुत्रं विनाकारण भुंकत राहतंय, काय करावं?" लग्न जमलं. तेव्हापासून आमच्या घरात त्या नावाला मान आहे.

नोकरीची वीसेक वर्षं मी श्वानपथकात काढली. चोराचा माग काढणाऱ्या कुत्र्याचा फोटो पेपरात येतो, त्यात पट्टा धरलेला एक हात दिसतो. तो हात माझा. निवृत्त झालो आणि गावी येऊन बसलो, तर लोक आपापली कुत्री घेऊन दारात यायला लागले. कुणाचं चप्पल पळवतं, कुणाचं शेळ्यांच्या मागे लागतं, कुणाचं तर सासूबाईंना घरात येऊच देत नाही. या शेवटच्या तक्रारीत सुनेचा आवाज फारसा कळवळलेला नव्हता, एवढं मात्र मी नोंदवून ठेवलं.

आपल्याकडे कुत्रं घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "तिखट हाय का?" आणि कुत्रं तिखट करायच्या आपल्या रीती ठरलेल्या आहेत. पिल्लाचे कान कापायचे. दिवसभर साखळीला बांधून ठेवायचं. पोरांना सांगायचं, काठीनं डिवचा. असं वर्षभर केलं की ते खरोखर तिखट होतं, आणि पहिला ठसका घरच्यांनाच लागतो.

सिरसाळ्याच्या रस्त्याला एका बंगल्यावर मला बोलावणं आलं होतं. मालक मोठे बागायतदार, राजकारणातले, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचं जर्मन शेफर्ड जातीचं कुत्रं दिवसभर पिंजऱ्यात असायचं. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या एका माणसाची मांडी त्यानं फोडली होती आणि निवडणूक तोंडावर आली होती.

अण्णा म्हणाले, "मास्तर, कुत्रं तिखट तर पायजेच. पर मतदाराला चावलं न्हाई पायजे."

मी म्हणालो, "अण्णा, कुत्र्याला मतदार यादी वाचता येत नाही."

भोवतीचे कार्यकर्ते जमिनीकडे बघायला लागले. अण्णा हसले, मग सगळेच हसले.

तेवढ्यात अण्णांचा मुलगा आतून एक पट्टा घेऊन आला. कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा आणि लांबून बटण दाबून झटका द्यायचा, असला तो पट्टा. "मोबाइलवरून मागवलाय, मास्तर. दोन दिवसांत सुतासारखं सरळ व्हतंय."

मी म्हणालो, "चांगला आहे. आधी तुमच्या मनगटाला बांधून बघू."

चारचौघांत नाही म्हणायची सोय नव्हती. त्यानं मनगट पुढे केलं. मी पट्टा बांधला आणि इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू केल्या. तो वडिलांकडे वळून काहीतरी सांगायला लागला, त्याच वेळी मी बटण दाबलं. गडी टुणकन उडाला.

"झटका कशामुळं बसला?" मी विचारलं.

"तुमी बटण दाबलं म्हणून!"

"हे तुम्हाला ठाऊक आहे. कुत्र्याला बटण म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याला एवढंच कळतं की मी अण्णांकडं बघितलं आणि मला डसलं. तुमच्या जागी कुत्रं असतं, तर आज दिवस मावळायच्या आत अण्णांना चावलं असतं."

पट्टा कपाटात गेला. पुढे दीड महिना मी त्या बंगल्यावर जात होतो. कुत्र्याला पिंजऱ्याबाहेर काढलं, सकाळ-संध्याकाळ रानातून फिरवायला लावलं. पाहुणा आला की आपल्या सतरंजीवर जाऊन बसायचं आणि बसलं की काहीतरी चांगलं मिळायचं, एवढी एकच गोष्ट शिकवली. अण्णा निवडून आले. त्यात माझा वाटा किती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लोकांना वाटतं, मी मारू नका म्हणतो म्हणजे मी फार मायाळू माणूस आहे. बायकोला विचारा. मी मारू नका म्हणतो, कारण मारून काम होत नाही. मारल्यानं कुत्रं शिकतं जरूर, पण तुम्हाला शिकवायचं होतं ते शिकत नाही. काठी कुणाच्या हातात होती, कुठल्या जागी होती, त्या वेळी समोर कोण उभं होतं, ते सगळं शिकतं. याउलट, हवं ते करताच त्याच क्षणी तोंडात घास पडला, तर ते काम कुत्रं जन्मभर विसरत नाही. शब्द एकच ठेवायचा, आणि तो घरातल्या सगळ्यांनी तसाच उच्चारायचा. धडा पाच मिनिटांचा. कुत्रं कंटाळायच्या आधी आपण थांबायचं. एवढीच माझी विद्या. पण ती मी कुठल्या किमतीला शिकलो ते पुढे सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा झाला होता. बाजाराच्या दिवशी दारात एक बाई आणि तिची बारा-तेरा वर्षांची मुलगी उभी. बाईचं नाव सुमन. केजपासून थोड्या अंतरावर शेतात त्यांची वस्ती. सुमन आणि तिचा नवरा भागवत दर वर्षी ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा आणि ते गुढीपाडव्यालाच परत यायचे. मागे राहायची भागवतची आई कोंडाबाई आणि ही नात, आरती.

"मास्तर, आमचं एक कुत्रं हाय. तुमी ठिवून घेता का?" सुमननं विचारलं.

"मी कुत्री ठेवत नाही, शिकवतो. का द्यायचंय?"

"चावलंय. शेजारच्या दगडूनानांला. नाना म्हनतेत, कुत्रं हलवा, न्हाईतर भाकरीत काय घालायचं ते मला ठावं हाय."

मुलगी एकदम म्हणाली, "टिप्या गेला की माझी शाळा जाती."

मग उलगडा झाला. कोंडाबाईला दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसतं. वस्ती एका कडेला. सहा महिने एवढ्या पोरीला अशा म्हातारीजवळ ठेवायचं तर दाराशी कुत्रं हवं, ही सुमनची अट होती. कुत्रं नसेल तर आरतीनं आईबापाबरोबर उसाच्या फडावर जायचं. एकदा फडावर गेलेली पोर पुन्हा वर्गात बसते, असं आमच्या भागात फार कमी वेळा घडतं. ट्रॅक्टर यायला अठरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकलवरून वस्तीवर गेलो. नानांनी दवाखान्यात इंजेक्शनं घेतली होती. कुत्र्यालाही मी आधी लस टोचून घेतली. लस आधी, शाळा नंतर, हा माझा नेम आहे. मग दोन दिवस मी लिंबाखाली बाजेवर बसून नुसता बघत राहिलो. कोंडाबाई सुनेला हळूच म्हणाली, "हे मास्तर निस्तं बसायचंच शिकीवतंय का गं?"

टिप्या पांढरा, अंगावर काळे ठिपके, गावठी. गळ्यात बाभळीचं लोढणं. ओढाळ जनावर पळू नये म्हणून गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात, तो चालताना पुढच्या पायांवर आपटत राहतो. भागवतनं ते नानांना चावल्यावर बांधलं नव्हतं, त्याच्या महिनाभर आधीच बांधलं होतं. इथंच मला पहिलं उत्तर मिळालं. कुत्रं भ्यालं की आधी पळून जायला बघतं. ज्याला पळता येत नाही, त्याला चावावंच लागतं.

दुसरं उत्तर संध्याकाळी मिळालं. भागवत रानातून आला आणि ओरडला, "टिप्या, इकडं ये बे!" टिप्या लोढणं ओढत कडब्याच्या गंजीमागे गेला. भागवत काठी घेऊन मागे धावला. "बघा मास्तर, असं हाय. बोलावलं की पळतंय."

"तुम्ही बोलावता कशाला?"

"कशाला म्हंजे? मारायला. शेळीमागं लागलतं सकाळी."

भागवत वाईट माणूस नव्हता. कुत्र्याला आपल्या ताटातली भाकरी द्यायचा. पण ती द्यायला कधी हाक मारावी लागत नव्हती, ते समोरच बसलेलं असायचं. हाक मारायची ती फक्त मारायच्या वेळी. त्यामुळे आपलं नाव म्हणजे मार, आणि काठीवाला माणूस म्हणजे मार, असा टिप्याचा हिशेब पक्का झाला होता. दगडूनाना वयामुळे काठी टेकत चालायचे. त्यांच्या विहिरीची वाट या घराच्या अंगणाला लागून जात होती.

मी लोढणं सोडवलं आणि त्याऐवजी बैलाचा लांब कासरा बांधला. टिप्याला फिरता यावं, पण पार निसटता येऊ नये इतका लांब. मग कोंडाबाईकडे उकडलेली अंडी मागितली.

"अंडी?" म्हातारी उसळली. "नातीला मिळंना अन् कुत्र्याला अंडी? कावून?"

"अर्धं नातीला, अर्धं कुत्र्याला," मी म्हणालो. हा तह शेवटपर्यंत पाळला गेला.

शिक्षण मी कुत्र्याला दिलं नाही, आरतीला दिलं. एकदाच हाक मारायची. "टिप्या, ये." त्यानं नुसतं मान वळवून पाहिलं तरी अंड्याचा तुकडा टाकायचा. आला तर हातातून द्यायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आला म्हणून धरायचं नाही, बांधायचं नाही. घास दिला की सोडून द्यायचं. पोर हुशार होती. दुसऱ्या दिवशी तिनं मलाच टोकलं, "काका, तुमी दोनदा हाक मारली." मी कान धरले.

नानांना राजी करायला जास्त वेळ लागला. त्यांनी रोज आपल्या वाटेनं काठी घेऊन यायचं, पण लांबूनच थांबायचं आणि टिप्याकडे एक तुकडा फेकायचा, असं माझं म्हणणं होतं.

"मलाच चावलं अन् मीच त्येला अंडं घालू?"

"नाना, काठी दिसली की मार, हे त्याच्या डोक्यात बसलंय. काठी दिसली की अंडं, असं बसवायचंय."

"आन् माज्या डोक्यात काय बसलंय ते कोन काढनार?" नानांनी धोतर वर करून पोटरीवरचा व्रण दाखवला. पण दुसऱ्या दिवशी म्हातारा आला. तोंड वाकडं करून, शिवी देत, पण तुकडा टाकला. रोज पाच-सहा पावलं जवळ येत गेला.

आठव्या दिवशी टिप्या आरतीच्या एका हाकेला अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून पळत यायला लागला. नवव्या दिवशी मी गेलो तर पोर रडत बसलेली आणि टिप्याच्या गळ्यात पुन्हा लोढणं. आदल्या संध्याकाळी मुकादम ट्रॅक्टरचं सांगायला येऊन गेला होता. कुत्रं त्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून भागवतनं आरतीसारखीच हाक मारली होती, "टिप्या, ये." टिप्या आला होता. शेपूट हलवत, विश्वासानं आला होता. भागवतनं त्याला धरून लोढणं अडकवलं होतं आणि वर सकाळी एका शेळीमागे लागल्याचे दोन रट्टे दिले होते.

मला फार राग आला. पण तो सगळा राग भागवतवर नव्हता. मी त्याला बाजेवर बसवलं आणि जी गोष्ट मी फारशी कुणाला सांगत नाही ती सांगितली.

नोकरीत माझी एक कुत्री होती, शेरी. लॅब्रेडॉर, नाक असं की पाऊस पडून गेल्यावरही माग सोडायची नाही. एकदा मैदानावर सरावाच्या वेळी ती एका शेळीमागे गेली. मी हाका मारतोय, ती येत नाही. सगळे सोबती बघत उभे. दहा मिनिटांनी ती आपण होऊन परत आली, जीभ बाहेर, खूश. माझी इज्जत गेली होती ना. मी हातातल्या पट्ट्यानं तिला दोन फटके मारले. फक्त दोन, जन्मात एकदाच.

त्यानंतरही शेरी हाकेला यायची. पण दहा पावलांवर थांबायची आणि माझ्या हाताकडे बघायची. हात रिकामा आहे असं पटलं की मग पुढे यायची. मी वर्षभर खपलो. दहाची पाच पावलं झाली, पाचाचं एक झालं. ते एक मात्र राहिलं. ती सेवेतून निवृत्त झाल्यावर मी तिला घरी आणली. माझ्या पायाशीच ती म्हातारी झाली. शेवटच्या आठवड्यात तिला धड उभं राहता येत नव्हतं, तरी मी हाक मारली की ती यायची आणि एका पावलावर थांबून हाताकडे बघायची. मी तिला दोन फटके मारले होते त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती.

भागवतनं विचारलं, "आता काय करायचं?"

"तुम्ही जाईपर्यंत टिप्याला हाक मारायची नाही. तो शब्द आता आरतीचा. शेळीमागे गेला तरी नाही, मुकादम आला तरी नाही."

"माजंच कुत्रं अन् मीच हाक मारायची न्हाई व्हय?"

"होय."

त्याला ते लागलं. पण त्यानं पाळलं. त्यानं स्वतः लोढणं सोडवलं, कुऱ्हाडीनं फोडलं आणि चुलीत घातलं. आम्ही पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. चार दिवस टिप्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. आरती न थकता पाच मिनिटं बसायची, तुकडा टाकायची, उठायची. घरात सुमन बांधाबांध करत होती. दाराशी दोन गाठोडी होती, एक नवरा-बायकोचं आणि एक लहान. त्या लहान गाठोड्याकडे कुणी बोट दाखवत नव्हतं, पण येता-जाता सगळे त्याला वळसा घालून जात होते.

ट्रॅक्टर यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी कासरा सोडला. नानांना सांगून ठेवलं होतं, आज काही टाकायचं नाही, सरळ आपल्या विहिरीला जायचं, अंगणाच्या कडेनं, काठी टेकत. मी त्यांच्या बाजूनं चाललो, चावलंच तर मला चावावं म्हणून.

टिप्यानं नानांना पाहिलं. भुंकला आणि सुटला. नाना थांबले. त्यांनी सवयीनं काठी उचलली.

"टिप्या, ये," आरती म्हणाली. ओरडली नाही, एकदाच म्हणाली.

टिप्या अंगणाच्या मधोमध थबकला. नानांच्या काठीकडे पाहिलं, मागे पोरीकडे पाहिलं. मग वळला, पळत आरतीकडे गेला आणि तिच्यापुढे बसला. तिनं हातातलं अंडं त्याच्या तोंडात दिलं.

नानांनी काठी खाली टेकवली. "आयला," ते म्हणाले, "आमची पोरं सुदिक एका हाकंत कवा आली न्हाईत." मग आरतीकडे वळून म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं त्येला. मी हाय हितंच. दिसातनं दोनदा चक्कर मारीन."

सुमन दारात उभी होती. ती खाली बसली, लहान गाठोडं सोडलं, त्यातला शाळेचा गणवेश काढला, झटकला आणि खुंटीला अडकवला. भागवत तोंड फिरवून बैलांकडे गेला.

त्या हिवाळ्यात मी दोन-तीनदा वस्तीवर चक्कर मारली. माझं काहीच काम उरलं नव्हतं. कोंडाबाई काठी घेऊन अंगणात फिरायची आणि टिप्या तिच्या पुढे चालायचा. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

पाडव्याच्या सुमारास आरतीचा फोन आला.

"काका, आई-बाबा आले."

"परीक्षा कशी गेली?"

"चांगली गेली. काका, ऐका ना. बाबांनी लांबूनच, वाटंवरून हाक मारली. 'टिप्या, ये.' बे न्हाई म्हनले."

सहा महिन्यांत भागवतनं उच्चारलेली ती पहिली हाक होती. मी विचारलं, "मग? आला?"

"पळत गेला. पर बाबांपासून एका पावलावर थांबला. निस्ता हातांकडं बघत ऱ्हायला."

ते पाऊल मला ठाऊक होतं. मी विचारलं, "मग बाबांनी काय केलं?"

"बाबांनी गाठोडं खाली ठिवलं. हात उघडे केले, खाली बसले, अन् बसल्या बसल्या तेच एक पाऊल म्होरं सरकले."

पोरीनं फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणातल्या त्या जागेकडे बघत बसलो, जिथं शेरी थांबायची. आठ वर्षं मी तिनं ते शेवटचं पाऊल टाकावं म्हणून वाट बघत उभा राहिलो. ते मीच टाकायचं होतं, हे मला कधी सुचलंच नाही.